पंधरा वर्षांवर घरी यावं की सुभेदारीपर्यंत थांबावं?

तुझा प्रश्न असा: पायदळात नायक आहेस, तेरा वर्षं नोकरी झाली, घरचे म्हणतात पंधरा भरली की पेन्शन घेऊन ये. हवाई दलातला मावसभाऊ सांगतो, नायब सुभेदार म्हणजे आमच्याकडचा ज्युनियर वॉरंट ऑफिसर, ना धड जवान ना धड साहेब. त्यासाठी आणखी दहा-बारा वर्षं कशाला घालवतोस? आणि तुला विचारायचंय की जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) खरंच ऑफिसर असतो का, त्याचं काम नेमकं काय, आणि थांबण्यात अर्थ आहे का. मी मराठा पलटणीत शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार मेजर होऊन बाहेर पडलो, त्यामुळे उत्तर पायदळाच्या नजरेतून येणार. सिग्नल, ईएमई (दुरुस्ती-यंत्रं) किंवा एएससी (रसद-वाहतूक) मधला माणूस काही गोष्टी वेगळ्या सांगेल.

आधी मावसभावाचं बघू. हुद्द्यांच्या तक्त्यात तो बरोबर आहे. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांच्या समोर हवाई दलात ज्युनियर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर येतात. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये त्यांनाच नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर म्हणतात. पण तक्ता सारखा असला तरी काम सारखं नसतं. हवाई दलातला वॉरंट ऑफिसर बहुतेक वेळा त्याच्या ट्रेडचा वस्ताद असतो. विमानाचं इंजिन, रडार, शस्त्रं यात त्याचा हात धरणारा कुणी नसतो. अमेरिकी सैन्यातला वॉरंट ऑफिसर तर बऱ्याचदा हेलिकॉप्टर उडवतो. पायदळातल्या सुभेदाराचा ट्रेड म्हणजे माणसं. ही तुलना करून मावसभाऊ तुला चुकीच्या तराजूत तोलतोय.

तो ऑफिसर असतो का? कमिशन राष्ट्रपतींचं असतं, नाव राजपत्रात येतं, खांद्यावर तारा आणि त्याखाली लाल-पिवळी पट्टी येते. तरी नुकताच डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून पास होऊन आलेला बावीस वर्षांचा लेफ्टनंट हुद्द्याने तुझ्या वर असतो आणि तू त्याला सॅल्यूट करतोस. तोही तुला 'साहेब' म्हणतो, ही आपल्या फौजेची जुनी रीत. कायद्याचा फरक मात्र कागदावरचा नाही. १९५० च्या लष्करी कायद्यात जेसीओ हा जवान आणि एनसीओ (नायक, हवालदार) यांच्यापेक्षा वेगळा वर्ग आहे. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर (सीओ) स्वतः चालवतो त्या ज्या समरी कोर्ट मार्शलमध्ये हवालदाराला उभं करू शकतो, त्यात जेसीओवर खटला चालत नाही. हवालदाराची फीत उतरवणं आणि सुभेदाराचा तारा उतरवणं यात किती अंतर आहे, ते पलटणीत प्रत्येकाला ठाऊक असतं.

ही मधली पायरी आली कुठून, हे कळलं की कामही कळतं. कंपनी सरकारच्या काळापासून गोरा साहेब आणि हिंदी शिपाई यांच्यामध्ये सुभेदार-जमादार होते. पुढे त्यांना व्हाइसरॉयचं कमिशन मिळायचं. गोऱ्या साहेबाला शिपायाची भाषा, जात, गाव, सण यातलं जेवढं समजायचं तेवढं सुभेदारामार्फतच. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे असेच सुभेदार. महूच्या लष्करी शाळेत ते शिकवायचे. रत्नागिरी, सातारा या भागांत 'सुभेदारांचं घर' म्हटलं की त्या घराकडे गाव वेगळ्या नजरेने बघायचं.

१९२३ मध्ये इंग्रजांनी आठ पलटणी हळूहळू हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती द्यायच्या ठरवल्या. त्यांत मराठ्यांची पाचवी पलटणही होती. तिथे त्यांनी एक प्रयोग केला. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजातून आणि नंतर डेहराडूनहून आलेल्या हिंदी अधिकाऱ्यांना प्लॅटून द्यायची आणि सुभेदार-जमादारांची पायरी हळूहळू काढून टाकायची. कागदावर हे ठीक होतं, कारण ब्रिटिश पलटणीत प्लॅटून लेफ्टनंटच चालवतो. पण इकडे शिपायाची वर चढायची वाट बंद झाली, आणि साहेबाला खालचं सांगणारं माणूसही गेलं. दुसरं महायुद्ध आल्यावर तो प्रयोग गुंडाळला गेला. १९४७ नंतर व्हाइसरॉयचं कमिशन गेलं, जेसीओ आला. १९६५ मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला. ज्या पायरीला एकदा काढून बघितलं आणि परत आणावं लागलं, तिला अर्धवट म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

आता काम. नायब सुभेदार झालास की बहुधा प्लॅटून मिळेल, तीस-पस्तीस माणसं. पायदळात बहुतेक प्लॅटून जेसीओच चालवतात, कारण तेवढे अधिकारी पलटणीत नसतात. फायरिंग, रूट मार्च, कोतातली (शस्त्रागारातली) हत्यारं, लंगर (जेवणाची मेस), पहाटेची पीटी हे सगळं तू आत्ताही बघतोस. फरक असा की नायक म्हणून तू आपल्या सेक्शनच्या नऊ-दहा जणांना ओळखतोस, आणि जेसीओला तीस जणांच्या घरचं माहीत असावं लागतं. कुणाच्या बापाने कर्ज काढलंय, कुणाचं लग्न ठरता ठरता मोडलंय, कुणाच्या बायकोचं आणि आईचं जमत नाही, कुणाचा चुलता बांध कोरतोय. ज्याच्या डोक्यात बांध आहे त्या पोराला रात्री लोडेड रायफल देऊन संत्रीला उभं करायचं की नाही, हा निर्णय तुझा असतो. कंपनी कमांडर तो घेऊ शकत नाही, कारण त्याला ती गोष्ट तू सांगितल्याशिवाय कळतच नाही.

सुट्टीचंच घे. जवानाला वर्षाची साठ दिवसांची रजा आणि तीस दिवसांची कॅज्युअल. ऐकायला भरपूर. पण कंपनीतली ठराविक माणसं कायम हजर लागतात, आणि गणपती, दिवाळी, पेरणी, गावची यात्रा सगळ्यांचीच. मराठा पलटणीत गणपतीला सगळ्यांना घरी जायचं असतं, कोकणच्या पोराला तर जास्तच. तो तक्ता कंपनीचा सीनियर जेसीओ बसवतो, सीएचएमला (कंपनी हवालदार मेजरला) घेऊन. तिथे एकदा का तू आपल्या तालुक्याच्या पोराला झुकतं माप दिलंस की पुढची दोन वर्षं तुझा शब्द हलका. दिलं नाहीस तर गावी गेल्यावर त्याचा बाप पारावर तुझ्याशी बोलत नाही. दोन्ही सोसायची तयारी ठेव.

जमिनीच्या भांडणात पलटणीकडून जिल्हाधिकाऱ्यांना डीओ (अर्धशासकीय) पत्र जातं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवलं जातं. सही सीओ साहेबांची, पण त्या पोराकडून गट नंबर, सातबारा, भावकीत कोण कुणाच्या बाजूने हे काढून हेड क्लार्कला देणारा जेसीओच असतो. आणि सगळ्यात जड काम: पलटणीतला कुणी गेला तर पार्थिवासोबत बहुतेक वेळा जेसीओ जातो. विमानतळावरून गाडी, तिथून गाव, मानवंदना, घडी केलेला तिरंगा आईच्या किंवा बायकोच्या हातात. त्यानंतरही तो थांबतो, कारण लगेच कागद सुरू होतात. मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, विमा, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नावाची स्पेलिंग. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये 'सुनिता' आणि आधारवर 'सुनीता' असेल तर त्या बाईला तहसील कचेरीच्या चकरा पडतात, म्हणून चांगला जेसीओ हे सगळं माणूस जिवंत असतानाच तपासून ठेवतो. नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात हत्याराच्या आधी किंड्रेड रोल, म्हणजे घरच्या माणसांच्या नावांचा कागद, आणायला लावायचो. त्यांना वाटायचं, हा कारकून आहे.

लढाईत जेसीओ काय करतो हे तुला सांगायला नको, पण मावसभावासाठी दोन नावं. २३ ऑक्टोबर १९६२ ला तवांगच्या वर, बुम ला भागात पहिल्या शीख पलटणीची एक प्लॅटून सुभेदार जोगिंदर सिंग यांच्याकडे होती. चिनी लाटा एकामागून एक आल्या, मांडीत गोळी लागली तरी ते मागे गेले नाहीत, गोळ्या संपल्यावर संगिनीने लढले, पकडले गेले आणि चिन्यांच्या कैदेत वारले. सियाचिनवर जून १९८७ मध्ये सुमारे २१ हजार फुटांवरची पाकिस्तानी चौकी नायब सुभेदार बाना सिंग यांनी मूठभर माणसं घेऊन बर्फाच्या कड्यावरून चढून घेतली. ती जागा आज बाना टॉप. दोघांनाही परमवीर चक्र. दोन्ही ठिकाणी माणसं पुढे नेणारा जेसीओच होता.

सुभेदार मेजरची, म्हणजे एसएमची, गोष्ट वेगळी. पलटणीत शेकडो माणसं, पण तो एकच. त्याच्या हाताखाली तसा एकही माणूस नसतो, प्लॅटून नाही, कंपनी नाही. तो थेट सीओ साहेबांचा सल्लागार. सीओ दोन-अडीच वर्षांनी बदलतो. एसएम साहेब त्याच पलटणीत मिसरूड फुटायच्या वयात आलेला असतो. त्यामुळे सीओ विचारतो, आणि त्याने विचारलं पाहिजे, की ही गोष्ट जवानाला कशी लागेल. दरबारात, म्हणजे सीओ सगळ्या पलटणीशी बोलतो त्या बैठकीत, कुणी उठून प्रश्न विचारतो तेव्हा त्यामागे आणखी किती जण आहेत, हे एसएमला आधीच माहीत असायला हवं. बडाखान्यात (पलटणीच्या सामुदायिक जेवणात) जेवण कसं झालं हे पोटभर जेवलेल्या पहिल्या रांगेला विचारून उपयोग नसतो, शेवटच्या पंगतीत बसावं लागतं.

मी दोन तऱ्हेचे एसएम बिघडलेले बघितले. एक, जो सीओला फक्त गोड सांगतो. दुसरा, जो प्रत्येक चुगली ऑफिसात पोचवतो. दुसरा जास्त वाईट. पोरं त्याच्यासमोर बोलणं बंद करतात, आणि मग त्याच्याकडे पोचवायलाही काही उरत नाही. एसएमने वर काय सांगायचं आणि काय स्वतःच्या पातळीवर मिटवायचं, याची ओळ कुठल्या कॅडरमध्ये (बढतीच्या कोर्समध्ये) शिकवत नाहीत. माझं मत विचारशील तर शिस्तीची, हत्याराची आणि पैशाची गोष्ट कधीही पोटात ठेवू नये. बाकी पुष्कळसं चहा पाजून मिटतं.

आता पैसे, कारण घरचे त्याच भाषेत बोलतात आणि बरोबरच बोलतात. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात सुरुवातीचं मूळ वेतन हवालदाराला २९,२००, नायब सुभेदाराला ३५,४००, सुभेदाराला ४४,९०० आणि सुभेदार मेजरला ४७,६००. तुझ्या नायकाच्या पातळीची सुरुवात २५,५०० पासून. लेफ्टनंट ५६,१०० ला सुरू होतो. नीट बघ: नायब सुभेदारावरून सुभेदार होताना मोठी उडी आहे, पण सुभेदारावरून सुभेदार मेजर होताना तक्त्यात फक्त २,७०० रुपयांचा फरक आहे, आणि जबाबदारीचा फरक किती ते वर सांगितलं. मिलिटरी सर्व्हिस पे तर शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सगळ्यांना सारखाच, ५,२००. अधिकाऱ्यांना १५,५००. जेसीओचा हा भत्ता वाढवायची मागणी झाली होती, सरकारने २०१८ मध्ये ती नाकारली. जेसीओ राजपत्रित आहे हे म्हणायचं आणि हा आकडा शिपायाइतका ठेवायचा, हे मला आजही पटत नाही.

म्हणून फक्त पगारासाठी थांबायचं असेल तर थांबू नकोस, असं मी म्हणेन. पण पेन्शनचा हिशेब वेगळा आहे आणि तिथे तुझे घरचे घाई करतायत. पंधरा वर्षांना पेन्शन बसते हे खरं. मात्र तू नायक आहेस. तुझ्या हुद्द्याची मुदत बावीस वर्षांची आहे. पंधरा किंवा सतराला निघालास तर ते मुदत संपून जाणं नाही, स्वतःच्या अर्जावर जाणं आहे. आणि १ जुलै २०१४ नंतर स्वतःच्या अर्जावर लवकर गेलेल्यांना वन रँक वन पेन्शन (सारखा हुद्दा, सारखी नोकरी, तर कधीही निवृत्त झालेल्याला सारखी पेन्शन) लागू होत नाही. ती पेन्शन दर पाच वर्षांनी नव्याने बसते, २०१९ ला बसली, २०२४ ला बसली. म्हणजे आज दोघांची पेन्शन जवळपास दिसली तरी तू साठ वर्षांचा होशील तोवर मुदत पूर्ण केलेला तुझा बॅचमेट कितीतरी पुढे गेलेला असेल. ही गोष्ट गावातल्या माजी सैनिकांपैकी फार कमी जण सांगतात, कारण जे २०१४ च्या आधी गेले त्यांना हा नियम लागलाच नाही.

वाढीव दोन वर्षं धरून हवालदाराला २६, नायब सुभेदाराला २८, सुभेदाराला ३०, सुभेदार मेजरला ३४ वर्षांपर्यंत राहता येतं, वयाची आणि एसएमच्या चार वर्षांच्या कार्यकाळाची अट सांभाळून. शेवटी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या यादीत मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन होण्याची संधी असते. कारगिलचे परमवीर योगेंद्र सिंग यादव ग्रेनेडियर म्हणून लढले आणि सुभेदार मेजर, मानद कॅप्टन होऊन निवृत्त झाले. मानद कॅप्टनची पेन्शन सुभेदार मेजरपेक्षा चांगलीच वर जाते. पण ती यादी आपल्या हातात नसते, तिच्यावर घराचा हप्ता बांधू नकोस.

थांबायचं ठरवलंस तर आत्तापासून काय बघायचं? सगळ्यात आधी मेडिकल. शेप-वन (पूर्ण तंदुरुस्तीचा मेडिकल दर्जा) सुटलं की चांगली माणसं हवालदार म्हणून घरी गेलेली मी बघितली आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं कारण गुडघा नव्हतं, गोळी नव्हती, वजन आणि ब्लड प्रेशर होतं. हवालदार झाल्यावर पीटी चुकवायची सवय लागते आणि लंगरातला तुपाचा हात सैल असतो. मग शिक्षणाचं प्रमाणपत्र आणि मॅप रीडिंग. कॅडरला जाताना पोरं ड्रिल आणि हत्यार घोकतात, आणि मागे पडतात ते नकाशात. सर्व्हिस बुकात रेड इंक एन्ट्री (शिक्षेची लाल शाईतली नोंद) येऊ देऊ नकोस. सुट्टीवरून एक दिवस उशिरा येणं, दारूवरून कँटीनमध्ये बाचाबाची, अशा फालतू गोष्टींनी ती येते आणि बढतीच्या बोर्डाच्या टेबलावर तुझ्या आधी पोचते.

अधिकारी व्हायचीही एक वाट आहे, तिचा विचार करून टाक. आर्मी कॅडेट कॉलेजचं वय तुझं गेलं, ती सत्तावीसपर्यंत. पण बारावी पास असशील आणि पस्तिशीच्या आत असशील तर स्पेशल कमिशन्ड ऑफिसरसाठी एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत) देता येते. कंपनी ऑफिसात आजच्या आज चौकशी कर. नाही झालं तर काही जात नाही, झालं तर हा सगळा प्रश्नच बदलतो.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या वेळी नव्हती. २०२२ पासून अग्निवीर येतायत. चार वर्षं, आणि बॅचमधल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम जागा. तू जेसीओ होशील तेव्हा तुझ्या प्लॅटूनमधली बरीच पोरं अशी असतील, ज्यांना पलटण आपली वाटायच्या आत तिच्यातून जायचंय. एकाच खोलीत राहणाऱ्या चौघांपैकी एक राहणार आणि तिघे जाणार. त्यांच्यात ईर्ष्या येईल, एकमेकांचं लपवणं कमी होईल, उघडं पाडणं वाढेल. ही गोष्ट वरून आदेश काढून सांभाळता येत नाही. मला वाटतं पुढच्या काही वर्षांत चांगल्या नायब सुभेदाराची किंमत वाढणार आहे, पगारात नाही, पण पलटणीत नक्की.

घरचं राहिलं. तुझ्या बायकोचं म्हणणं खोटं नाही. आणखी दहा-पंधरा वर्षं म्हणजे मुलांची दहावी-बारावी तुझ्याशिवाय, आईबापांची आजारपणं फोनवर. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही, पीस स्टेशनला क्वार्टरची रांग असते. जेसीओ झाल्यावर क्वार्टर थोडा बरा मिळतो, रांग तीच. आरआरची (काश्मीरमधल्या राष्ट्रीय रायफल्सची) टर्म एकदा तरी येणारच. त्यात एक झरोका आहे: जेसीओ आणि सीनियर हवालदारांना एनसीसी बटालियनची ईआरई (पलटणीबाहेरची नेमणूक) मिळते, टीएचीही (प्रादेशिक सेनेचीही) मिळते. सातारा, कोल्हापूर, पुण्यात ती मिळाली तर मुलांच्या मोक्याच्या वर्षांत तू घराजवळ असशील. तिच्यासाठी नाव वेळेवर द्यावं लागतं, आणि ते वर्ष मुलाच्या दहावीशी जुळवून मागावं लागतं. मागणाऱ्यालाच मिळतं.

पेन्शनीच्या अर्जावर सही करायच्या आधी हेड क्लार्क साहेबांकडे बस आणि दोन आकडे कागदावर लिहून घे: आज पंधराला गेलास तर हातात येणारी पेन्शन, आणि नायब सुभेदार होऊन अठ्ठावीसला गेलास तर येणारी, दोन्हीच्या पुढे वन रँक वन पेन्शन लागू आहे की नाही हेही लिहून. तो कागद घेऊन सुट्टीवर जा आणि बायकोसमोर ठेव. मावसभावाला नंतर दाखवलास तरी चालेल.